उकिडवं बसणाऱ्यांचा पाय

आमच्या मोहोपाड्याच्या कॉलनीत मला अजूनही 'हार्टच्या स्प्रिंगवाल्या मॅडम' म्हणतात. माझं काम हार्टचं नव्हतं, पायाचं होतं. ती स्प्रिंग नसते, जाळी असते. आणि जाळी मी कधी बनवलीही नाही. ती माणसाच्या रक्तवाहिनीत घातल्यावर पुढे काय होईल याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं, हे माझं काम. एवढं समजावून सांगितलं की समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, म्हणजे हार्टचंच ना. मी आता नाद सोडलाय. पण इथे लिहायला जागा मिळालीच आहे तर एकदा नीट सांगते, म्हणजे मला राग कशाचा आला ते कळेल. राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. फराळाबरोबर गोड काही वाचायचं असेल त्यांनी खुशाल पुढची पानं उलटावीत.

तर, बिडी, मिसरी, साखरेचा आजार, वय, अशा कारणांनी पायाची रक्तवाहिनी आतून अरुंद होते. थोडं चाललं की पोटरी धरते, थांबलं की सुटते. मग डॉक्टर जांघेतून बारीक नळी घालतात, फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिथे धातूची जाळी ठेवून देतात. पेशंट चालत घरी जातो. सगळे खूष. पुढे काही महिन्यांनी त्यातल्या काहींची पोटरी परत धरायला लागते. लोकांना वाटतं, जाळीत कचरा अडकला. तसं नसतं. जाळीच्या तारा आतल्या भिंतीला टोचतात, घासतात, आणि इजा झाली तिथे भिंत स्वतःच वाढायला लागते. कोयता धरून तळहाताला घट्टा पडतो ना, साधारण तसं. हातावरच्या घट्ट्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पेन्सिलीएवढ्या नळीत तो आतल्या बाजूनं वाढला तर रक्ताला वाट उरत नाही.

हा घट्टा कुठे वाढेल आणि किती, ते आधीच ओळखायचं, यासाठी आमचं मॉडेल. स्कॅनवरून रक्तवाहिनीचा आकार घ्यायचा. तिच्या भिंतीचे कॉम्प्युटरमध्ये हजारो बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा कितपत ताणला जातो ते त्याला शिकवायचं. मग आत जाळी फुलवायची. गुडघा वाकवायचा, सरळ करायचा, परत वाकवायचा. तार कुठे रुतते, रक्त कुठे मंदावतं, ते दिसायला लागतं. दुखावलेल्या पेशी कशा वाढतात याचे नियम त्यात घातले की भिंत हळूहळू जाड होताना पडद्यावर बघायला मिळते. मी शिकले मेकॅनिकल, पहिली नोकरी रसायनीच्या कारखान्यात, टाक्यांच्या जोडांवर किती ताण येतो ते बघण्याची. तिथून जाळ्या बनवणाऱ्या कंपनीत, म्हणजे माणसाच्या पायात येऊन पोचले. पडद्यावर पहिल्यांदा ती वाट अरुंद होताना पाहिली तेव्हा मी चहा मागवून सगळ्यांना पाजला होता. फुशारकी वाटली तर वाटू दे, पण आमच्या त्या खालापूर तालुक्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जे चालायचं ते साधं काम नव्हतं.

त्या शेडमध्ये नमुनेही भेटले. विक्री विभागातले एक गृहस्थ होते, कायम सेंटचा घमघमाट. जिथे ताण जास्त तिथे आमच्या चित्रात लाल रंग येतो. हे महाशय एकदा माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, लाल जरा कमी करता येईल का, डॉक्टर लोक घाबरतात, हिरवा छान दिसतो. मी म्हटलं, तसं असेल तर धमनीला सांगा, ती करेल कमी. त्यांनी साहेबांकडे तक्रार केली की मॅडम सहकार्य करत नाहीत. आणि साहेबांनी मला बोलावून खरंच विचारलं की रंगाच्या पट्टीत काही करता येतं का. मी केलं नाही. पण असली माणसं औषधोपचाराच्या धंद्यात असतात हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आमच्या मॉडेलमधला माणूस मात्र मोठा सभ्य होता. तो चालायचा, जिना चढायचा आणि खुर्चीवर बसायचा. एवढंच. त्याचा गुडघा किती वाकतो हे आकडे बाहेरच्या देशातून तयार आले होते, आणि त्याच आकड्यांवर जाळी पास की नापास ठरायचं. मीही कितीतरी वर्षं तेच आकडे घालत होते. कुणी विचारलं नाही आणि मलाही विचारावंसं वाटलं नाही. ते वाटायला लागलं कर्जतजवळ, कशेळ्याला.

ऑफिसची सहल होती. कशेळ्याच्या पुढे एक फार्महाऊस, हिरवळ, पोहण्याचा तलाव, सगळा थाट. आत गॅसचं चकाचक स्वयंपाकघर होतं, पण पाहुण्यांना 'चुलीवरची भाकरी' हवी असते, म्हणून मालकानं हिरवळीच्या कडेला गवतानं शाकारलेली झोपडी उभी केलेली. तिच्यात मातीची चूल आणि चुलीपाशी उकिडवी बसून तांदळाच्या भाकऱ्या थापणारी एक बाई. अनुसया तिचं नाव. असेल माझ्याच वयाची. आमची मंडळी फोन पुढे करून तिची छायाचित्रं काढत होती. तिनं मान वर केली नाही. एक पाय मात्र ती सारखा पुढे सरकवत होती, चोळत होती, परत दुमडून घेत होती.

मी शेजारी जाऊन बसले. बसले म्हणजे, मलाही उकिडवं बसावं लागलं, दुसरी जागाच नव्हती. मी विचारलं, पाय दुखतो का. ती म्हणाली, जाळी टाकलेय पायात, पैल्यांदा बरं वाटलं, मग परत धरला होता, आता बसलं की रग लागते. मी तिच्या गुडघ्याकडे बघितलं. पोटरी मांडीला टेकलेली, मधे बोट घालायलाही जागा नाही. आणि अशी ती सकाळी पीठ मळण्यापासून शेवटच्या पंगतीपर्यंत बसते. घरी गेली की घरची चूल, भांडी, पावसाळ्यात लावणी. आमच्या मॉडेलमधला तो सभ्य माणूस आयुष्यात एकदाही एवढा वाकला नव्हता. तिनं माझ्या हातावर ठेवलेली भाकरी तशीच निवून गेली. जाळी आमच्या कंपनीची होती की दुसऱ्या कुणाची, ते मला माहीत नाही. त्यानं काही फरकही पडत नाही, सगळ्यांच्या चाचण्यांमधला माणूस एकच.

तिनंच पुढे सांगितलं. पाय परत धरायला लागल्यावर ती शहरातल्या त्याच हॉस्पिटलात गेली होती. डॉक्टरांनी फुग्यानं पुन्हा वाट मोकळी करून दिली आणि तिला फैलावर घेतलं. गोळ्या चुकवतेस, मिसरी लावतेस, तुम्हा लोकांना सांगून उपयोग नाही. मिसरी तिनं पहिल्याच वेळी सोडली होती. गोळ्यांचं तर ती मला चुलीवर हात ठेवून सांगायला निघाली. तिचा मुलगा दिनेश, कशेळे-कर्जत जीप चालवतो, तो तेव्हा डॉक्टरांसमोर उभा होता. त्याला इतकी लाज वाटली की वाटेत तो आईशी बोलला नाही, आणि नंतर बोलायला लागला तो ह्याच विषयावर. रोज. आई, तू ऐकत नायस.

इथे थोडं थांबून एक सांगते, नाहीतर डॉक्टर वाचक मला धरतील. गोळ्या महत्त्वाच्याच आहेत. त्या अचानक बंद केल्या तर जाळीत रक्ताची गुठळी होते, आणि ती एकदम होते, घात करते. पण हळूहळू, महिन्यामहिन्यानं वाट अरुंद होणं ही निराळी गोष्ट आहे. ती भिंतीच्या वाढण्याची. तिला साखर, तंबाखू, जाळीची जागा, तिची लांबी, वाकणं, सगळंच कारण असू शकतं. एका माणसाच्या बाबतीत नक्की काय झालं ते माझं मॉडेलही छातीठोकपणे सांगणार नाही. पण कारण माहीत नसताना पहिलं खापर पेशंटच्या डोक्यावर फोडायचं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

सोमवारी कामावर गेले आणि आमच्या माणसाला उकिडवं बसवलं. गुडघ्याचे आकडे आणायचे कुठून, तर कॉलनीतल्या भाजीवाल्या, आमच्या शेडमधले सफाई कामगार, माझी मोलकरीण, सगळ्यांना हाताशी धरून मोजमाप केलं. लोक हसत होते, मॅडमना काय झालंय म्हणून. मॉडेल चालवलं. गुडघ्याच्या वरच्या बाजूला, जिथे खुर्चीवर बसणाऱ्याची जाळी नुसती कलते, तिथे उकिडवं बसणाऱ्याची जाळी चक्क मुडपत होती. कोपरात शर्टाची बाही चुरगळते ना, तशी. तारेची कडा भिंतीत रुतत होती. उठलं की सुटायची, बसलं की परत त्याच जागी. पेशींचे नियम लावून पुढचे महिने बघितले, आणि चित्र लालच लाल झालं.

साहेबांना दाखवलं. साहेब हुशार माणूस, चित्र बघताच समजले. कौतुकही केलं. मग मागे रेलून म्हणाले की चाचणीच्या नियमावलीत चालणं आहे, जिना आहे, बसणं आहे. हे असं बसणं नाही. आपण होऊन घातलं तर आपलीच जाळी आपणच नापास करून ठेवू, आणि हे करायला आपल्याला सांगितलंय कुणी?

मी विचारलं, मग पेशंटचं काय.

"त्याला सांगायचं, खाली बसू नका. सोपं आहे."

मी म्हटलं, "फारच सोपं आहे. चूल बंद, लावणी बंद, बाजारात बसणं बंद, गावातला संडास बंद. एवढं झालं की आपली जाळी उत्तम चालते."

साहेब हसले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की काय सांगू. हा माणूस लहानपणी पंगतीत जेवलेला, ह्याची आई गावी अजून चुलीपुढे बसते, आणि हा मला सांगतोय की असं बसणं नियमावलीत नाही. अर्ध्या देशाचे गुडघे नियमावलीत नाहीत, म्हणून अर्धा देश चुकीचा बसतो! मी ते काम लेखी करून वर पाठवलं, त्याच्याही वर पाठवलं. सगळ्यांनी छान आहे म्हटलं आणि हात झटकले. मी निवृत्त झाले तेव्हा ते तिथेच पडून होतं. आजही असेल.

हे सगळं चालू असतानाच मी अनुसयाबाईंना भेटून आले होते. वाटलं, निदान तिला तरी खरं कारण कळू दे. मी समजावून सांगितलं की तुम्ही अशा बसता तेव्हा आत जाळी मुडपते, म्हणून वाट मिटते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे परत माजंच चुकलं."

गोळ्यांचं खापर होतं, आता त्यावर मी माझं ठेवून आले. नाही हो, तसं नाही, असं मी दोनतीनदा म्हटलं, पण तिचा चेहरा मिटला तो मिटलाच. मग मी मालकाकडे गेले. म्हटलं, शेठ, झोपडीत चुलीसाठी उंच ओटा बांधा, बाई उभ्यानं भाकरी थापेल, तिचा पाय वाचेल. शेठ नम्र होते. त्यांनी मला कोकम सरबत दिलं आणि सांगितलं की पाहुण्यांना खेड्यातली बाई चुलीपुढे बसलेली बघायची असते, उभ्यानं भाकऱ्या तर त्यांच्या घरीही कुणीतरी करतंच. मी ते सरबत तसंच ठेवून उठले. एवढ्यावरच माझी मर्दुमकी संपली.

पाय तिसऱ्यांदा धरायला लागला तेव्हा अनुसयाबाईंनी कुणालाच सांगितलं नाही. मुलाला सांगितलं तर तो बोलणार. डॉक्टरांकडे गेलं तर ते बोलणार. मला सांगितलं तर मीही काहीतरी बोलणार, असं तिला वाटलं असणार, आणि मी तिला दोष कसा देऊ? ती भाकऱ्या करत राहिली. रात्री पाय खाटेवरून खाली लोंबकळत ठेवला की ठणका जरा कमी व्हायचा, म्हणून तशी झोपायची. अंगठा काळा पडला तेव्हा त्यावर हळद लावून फडकं बांधलं आणि चटका बसला म्हणून सांगितलं. चुलीवरच्या बाईला चटका बसला, यात कुणाला शंका येणार? वास यायला लागल्यावर दिनेशनं फडकं सोडलं. मग जीप, शहर, हॉस्पिटल. डॉक्टरांनी जीव वाचवला, हे खरं आहे आणि ते मान्य करायलाच हवं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

म्हणजे बघा. जाळी मिटली ती एक गोष्ट. ती वेळेवर परत उघडता आली असती, नाहीतर शीर जोडून रक्ताला दुसरी वाट काढून देता आली असती. पाय गेला तो बोलणी खायच्या भीतीनं. हे कुठल्या मॉडेलमध्ये घालायचं ते मला कुणी सांगा.

मला कळलं ते उशिरा. भेटायला गेले तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, कुबड्या शेजारी. मी काय बोलावं ते ठरवून गेले होते, पण तिनंच सुरुवात केली.

"ताई, एक इचारू? खरं सांगा. मी बसत होती, ती चूक हाय का?"

मी म्हटलं, नाही. मग सरळ सांगितलं, जसं पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं. ती जाळी तपासताना खाली बसणाऱ्या माणसाचा कुणी विचारच केला नाही. खुर्चीवर बसणारा धरला आणि त्यावर ती पास केली. तुम्ही आईसारख्या, आजीसारख्या बसलात. आमचं गणित अपुरं होतं, तुमचं बसणं नाही. मग तिनं दिनेशला हाक मारली. तो जीप धूत होता, हात पुसत आला.

"आता ह्याला सांगा," ती मला म्हणाली. "जे मला सांगितलंत ते सगळं."

मी सांगितलं. दिनेश उंबऱ्यावर बसला आणि ऐकता ऐकता त्यानं तोंड फिरवलं. तो रडत होता. आईनं त्याची समजूत घातली नाही. मला म्हणाली, "आता त्या डाक्टरला सांगाया जाऊ."

मी टाळायला बघितलं. डॉक्टरांना वेळ नसतो, ऐकून घेणार नाहीत, आता त्याचा उपयोग काय, असं सगळं बोलून पाहिलं. ती उठून कुबड्या काखेत धरायला लागली. दिनेशनं जीप काढली. त्या दिवशी त्यानं सीटा भरल्या नाहीत, आईला पुढे बसवलं आणि आम्ही तिघंच गेलो.

हॉस्पिटलच्या बाकांवर पाय धरून बसलेली माणसं होती. कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या कपाळाला बुक्का, बहुतेक सगळी आमच्याच बाजूची. नंबर लागल्यावर आत गेलो. डॉक्टर थकलेले होते. वाईट माणूस नव्हे. मी इथवर जे चिडून लिहिलं ते वाचून त्यांना राक्षस समजू नका. त्यांनी जखम बघितली, चांगली भरतेय म्हणाले. अनुसयाबाईंना दाखवावं म्हणून आणलेला लॅपटॉप मी उघडला. खुर्चीवरचा पाय दाखवला, मग उकिडवा. मुडपणारी जाळी बघून ते पुढे झुकले, दोन प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न बरोबर होते. मग त्यांनी अनुसयाबाईंकडे बघितलं.

"बरोबर असेल तुमचं," ते मला म्हणाले. "पण आता यांना याचा काय उपयोग?"

उत्तर तिनं दिलं. "मला नाय हो. भायेर बसलीत त्यांना हाय. त्यांना बोलू नका आल्या आल्या. पैलं इचारा, घरी कसा बसतोस."

डॉक्टर म्हणाले, लक्षात ठेवतो. ती खुर्चीवरून हलली नाही. मी उठायला लागले होते, परत बसले. दारात पुढचा पेशंट येऊन उभा राहिला होता, चौक गावाकडचा एक म्हातारा शेतकरी, लंगडत. शिपाई त्याला थांबवत होता. डॉक्टरांनी हात करून त्याला आत घेतलं. म्हाताऱ्यानं घाईघाईनं पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली, मोकळी झालेलीसुद्धा, आणि काही विचारायच्या आधीच सांगायला लागला की साहेब, एकही चुकवली नाय, ही बघा.

डॉक्टरांनी ती पाकिटं बाजूला ठेवली. त्यांनी एकदा अनुसयाबाईंकडे बघितलं आणि मग म्हाताऱ्याला विचारलं, "आजोबा, घरी तुम्ही बसता कसे?"

म्हातारा गोंधळला. ह्यात काय चुकलं म्हणून त्यानं आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"कसा म्हंजे? सगळी बसतात तसा. उकिडवा."